घरात कावीळ शिरल्यावर काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

घरात कावीळ आल्याचे बहुतेक वेळा घरच्यांच्या आधी बाहेरच्यांना कळते, कारण रोज समोर वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत हळूहळू उतरणारा पिवळेपणा आपल्या नजरेच्या सवयीचा होऊन जातो. आमच्या भाच्याची कावीळ शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी ओळखली. त्याआधीचे चार-पाच दिवस त्याला बारीक ताप होता, डब्यातली पोळी तशीच परत येत होती आणि फोडणीचा वास आला की तो स्वयंपाकघरातून पळत होता. घरात सर्वानुमते ‘पित्त झाले’ असा निकाल लागला होता आणि ओव्याचे पाणी सुरू होते. कावीळ झाल्याचे कळल्यावर मात्र तासाभरात तीन फोन आले. एकाने काविळीची माळ सुचवली, दुसऱ्याने उसाचा रस आणि तिसऱ्याने नाकात थेंब टाकणाऱ्या एका वैदूचा पत्ता. मुलाची कावीळ पाण्यातून आली की रक्तातून, हे मात्र तिघांपैकी एकानेही विचारले नाही. पुढची सगळी धावपळ कोणत्या दिशेने करायची हे त्याच प्रश्नावर ठरते, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: उजेडात पाहणे

ट्यूबलाइटच्या प्रकाशात डोळ्यांचा पिवळेपणा लपतो. रुग्णाला दिवसा खिडकीपाशी बसवावे, खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी आणि त्याला वर पाहायला सांगून बुबुळाभोवतीचा पांढरा भाग तपासावा. रक्तातील बिलिरुबिन (काविळीत साठणारे पिवळे रंगद्रव्य) साधारणतः १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असते आणि ते २ ते ३ च्या घरात पोहोचेपर्यंत डोळ्यांत काही दिसत नाही. म्हणजे डोळे पिवळे दिसतात तेव्हा आजार काही दिवसांचा झालेला असतो. लघवी त्याच्या आधी बोलते. भरपूर पाणी पिऊनही ती कोऱ्या चहासारखी गडद होत असेल आणि कपड्यावर पिवळा डाग पडत असेल, तर डोळ्यांची वाट पाहू नये. गाजर किंवा पपई खूप खाणाऱ्या लहान मुलांचे तळहात पिवळसर होतात, पण त्यांचे डोळे पांढरे राहतात आणि लघवीचा रंग बदलत नाही. ती कावीळ नव्हे.

शौचाचा रंगही पाहावा. तो पांढुरका, मातीसारखा झाला असेल तर पित्त आतड्यात उतरत नाही, असा त्याचा अर्थ असतो. इथे विषयाला थोडे सोडून एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन आठवड्यांहून मोठ्या तान्ह्या बाळाचे डोळे पिवळे असतील, शी पांढुरकी होत असेल आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर ‘उन्हात धरा, उतरेल’ या सल्ल्यावर एक दिवसही घालवू नये. पित्तनलिका जन्मतः बंद असल्यास करावी लागणारी शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाली तरच तिचा चांगला उपयोग होतो.

दुसरी पायरी: रुग्णालयात आत्ताच जायचे की नाही

कोणत्या विषाणूची कावीळ आहे हे उद्या कळले तरी चालेल, पण यकृत निकामी होत आहे का, हे आजच पाहायला हवे. यकृत थकले की त्याची पहिली बातमी पुष्कळदा मेंदूकडून येते. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो, साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लावतो, सही वेडीवाकडी करतो, उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. लहान मूल सारखे किरकिरते, ओळखीच्या माणसालाही झिडकारते किंवा विलक्षण सुस्तावते. ‘अशक्तपणामुळे झोपतोय, झोपू द्या’ असे म्हणून ही खूण सोडून दिली जाते. ती खूण, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पोट फुगणे, पाय सुजणे आणि लघवी कमी होणे या खुणांपैकी एकही दिसली, तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे.

गर्भवती स्त्रीला कावीळ झाली असेल तर वरच्या यादीतली एकही खूण नसली तरी तिला घरी ठेवू नये. हेपेटायटिस ई (दूषित पाण्यातून येणारी एक विषाणूजन्य कावीळ) एरवी सौम्य असतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदवले गेले आहे. आधीपासून यकृताचा आजार असलेले, नियमित मद्यपान करणारे आणि वयस्कर रुग्ण यांच्या बाबतीतही हीच घाई करावी.

तिसरी पायरी: पाण्याची की रक्ताची

यकृताला सूज आणणारे, म्हणजे हेपेटायटिसचे मुख्य विषाणू पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. त्यांपैकी ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. बी, सी आणि डी रक्तातून पसरतात, आणि त्यातही डी हा बी असल्याशिवाय जगू शकत नाही. ए आणि ई यांची कावीळ जवळजवळ नेहमीच काही आठवड्यांत आपोआप बरी होते, तर बी आणि सी वर्षानुवर्षे गुपचूप यकृतात राहू शकतात. लोकांच्या बोलण्यातला ‘पांढरी कावीळ’ हा शब्द मात्र डॉक्टरांसमोर वापरू नये, कारण कोणी तो रक्तक्षयासाठी वापरतो, कोणी हेपेटायटिस बीसाठी, आणि त्यातून घोटाळेच होतात.

वयाचा इथे मोठा वाटा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना हेपेटायटिस ए झाला तरी बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. दोन दिवस जुलाब, थोडा ताप, की झाले. मोठ्यांना तोच विषाणू चांगला महिनाभर अंथरुणात पाडतो. पूर्वी बहुतेक मुलांना तो लहानपणीच होऊन जात असे आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळत असे. आता गाळलेले, शुद्ध केलेले पाणी पिऊन वाढलेली शहरी मुले वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी गेल्यावर विशीत त्याच्या तावडीत सापडतात. हेपेटायटिस बीचे गणित बरोबर उलटे आहे. जन्मताना आईकडून संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा वस्तीला राहतो, तर प्रौढ वयात संसर्ग झालेल्या १०० पैकी ९५ जण त्याला स्वतःच हुसकावून लावतात.

डॉक्टर लिहून देतात त्या रक्ततपासण्या दोन प्रकारच्या असतात आणि दोहोंची गरज वेगळी असते. कारण शोधण्यासाठी हेपेटायटिस ए आणि ई यांच्या आयजीएम (ताज्या संसर्गाच्या) चाचण्या, एचबीएसएजी (हेपेटायटिस बीची चाचणी) आणि अँटी-एचसीव्ही (हेपेटायटिस सीची चाचणी) केल्या जातात. यकृताची अवस्था पाहण्यासाठी बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक), अल्ब्युमिन (यकृत बनवते ते प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) लागतात. अहवाल हातात आला की घरचे एसजीपीटीच्या आकड्यावर बोट ठेवून घाबरतात, कारण ४० च्या आसपास असायला हवा तो आकडा १,५०० किंवा २,००० असतो. विषाणूजन्य काविळीत इतका आकडा नेहमीचाच आहे आणि त्यावरून धोका ठरत नाही. नजर ठेवायची ती आयएनआरवर. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवते, म्हणून ते थकले की आयएनआर १.५ च्या वर सरकू लागतो. एसजीपीटी झपाट्याने उतरतो आहे, पण बिलिरुबिन आणि आयएनआर चढत आहेत, असा अहवाल आला तर ‘आकडा कमी झाला’ म्हणून पेढे वाटू नयेत. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

पावसाळ्यात आणखी एक शंका मनात ठेवावी. हेपेटायटिस ए आणि ईमध्ये डोळे पिवळे होऊ लागतात त्या सुमारास ताप ओसरतो. डोळे पिवळे झाल्यावरही सणसणून ताप आहे, पोटऱ्या प्रचंड दुखत आहेत, डोळे लाल आहेत आणि लघवी कमी होते आहे, असे चित्र असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा आजार साथीच्या रूपात पाहिला. कोकणात आणि घाटावर भातखाचरात काम करणाऱ्यांनी, तसेच साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी, कारण या आजारावर प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे असते. मलेरिया, डेंग्यू आणि विषमज्वर यांतही डोळे पिवळे होऊ शकतात. उजव्या बरगडीखाली दुखते, थंडी वाजून ताप येतो, पण डोळे पिवळे नाहीत, असे असेल तर यकृतात अमिबाचे गळू झाले आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे लागते.

चौथी पायरी: घरातली शुश्रूषा

हेपेटायटिस ए आणि ई यांचा विषाणू मारणारे नेहमीच्या वापरातले औषध नाही आणि त्याची सहसा गरजही पडत नाही. विश्रांती घ्यावी, पण अंथरुणाला खिळून राहण्याची सक्ती नको. दमणूक होईल तिथे थांबावे, एवढेच पथ्य पुरे. खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे रुग्णाचे जे हाल होतात ते निष्कारण आहेत. हळद बंद, मीठ बंद, तेल बंद, दूध बंद, असे करत करत आधीच अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला आपण उपाशी मारतो. डोळ्यांचा पिवळेपणा रक्तपेशींतील रंगद्रव्याच्या विघटनातून येतो. वरणातल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मऊ भात, वरण, ताक, इडली, उकडलेले अंडे, केळे, जे जाईल ते थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. मळमळ दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळची न्याहारी भरपेट द्यावी आणि रात्रीच्या जेवणाचा आग्रह सोडावा. तळकट पदार्थ मळमळ वाढवत असतील तर टाळावेत, पण तेलाचा थेंबही नको हा हट्ट नको. उसाच्या रसात साखर आहे, ती वाईट नाही; मात्र रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला बर्फ आणि तिथल्या बादलीतले पाणी ज्या वाटेने आजार आला त्याच वाटेवरचे असते.

औषधांबाबत मात्र कडक राहावे. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते, पण मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. लहान मुलांच्या बाबतीत एक चूक पुन्हा पुन्हा घडते. या औषधाच्या थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. ‘एक चमचा द्या’ असे फोनवर ऐकून थेंबांच्या बाटलीतला चमचाभर पाजला, तर मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जाते. दर चार तासांनी असे दोन दिवस झाले, तर यकृताला विषाणूची गरजही उरत नाही. बाटलीवरचा आकडा वाचून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यावी आणि ती सोबतच्या मापानेच द्यावी.

आता माळ, थेंब आणि चुन्याचे पाणी. काड्यांच्या माळेच्या गाठी वाळल्या की सैल होतात, म्हणून माळ वाढते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी वाढेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे, शरीरातून कावीळ उतरल्यामुळे नव्हे. हे दोन्ही प्रकार खर्चिक पण निरुपद्रवी. देवडांगरी या जहाल वेलफळाचा रस नाकात टाकण्याचा प्रकार तसा नाही. तो इतका झोंबतो की नाकाची आतली त्वचा सोलवटते, पिवळे पाणी वाहते आणि लोकांना वाटते कावीळ बाहेर पडली. पोटावर किंवा मनगटावर डागणे तर मुलाला जन्मभराचा व्रण देते. ‘पण गुण आला ना’ असे सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. ए आणि ईची कावीळ बरी होणारच असते आणि तिचे श्रेय त्या आठवड्यात जो समोर असेल तो घेऊन जातो. काढ्यांबाबतही सावध राहावे. कोविडच्या काळात गुळवेल नियमित घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. हा वाद बाजूला ठेवला तरी सुजलेल्या यकृतावर आणखी एक औषध लादण्याची ही वेळ नव्हे.

पाचवी पायरी: घरातले बाकीचे आणि नळाचे पाणी

हेपेटायटिस एचा रुग्ण डोळे पिवळे होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक विषाणू शौचावाटे बाहेर टाकतो, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत भावंडांशी पुरेसा संपर्क होऊन गेलेला असतो. तरीही उशीर झालेला नसतो. एक वर्षावरील ज्यांना हा आजार झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही, त्यांना संपर्कानंतर १४ दिवसांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. ही लस सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. डोळे पिवळे झाल्यापासून किमान एक आठवडा मुलाला शाळेत पाठवू नये. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे, रुग्णाने या काळात दुसऱ्यांसाठी स्वयंपाक न करणे आणि संडासाची कडी, नळाची चावी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसणे, एवढे केले तर ताट-वाटी वेगळी काढून मुलाला कोपऱ्यात बसवायची गरज नाही.

पाण्याला उकळी फुटल्यावर ते किमान एक मिनिट तसेच खळखळू द्यावे, त्याच भांड्यात झाकून निववावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. उकळलेले पाणी माठात ओतून त्यात बोटे बुडवणारे पेले घातले तर गॅस फुकट गेला. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळ येते आणि हेच साथीचे मूळ आहे. पाणी बंद असताना जलवाहिनीत दाब उरत नाही, आणि गटारालगत ती कुठे फुटलेली असेल तर तेथून मैला आत ओढला जातो. म्हणून नळ सुरू झाल्यावरचे पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो हेपेटायटिस ई होता, हे कित्येक वर्षांनी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून उमगले. इचलकरंजीने २०१२ मध्ये तोच विषाणू अनुभवला.

आळीत दोन-तीन घरांत कावीळ दिसली की ती खासगी बाब राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. गावात जलसुरक्षकाकडे (ग्रामपंचायतीच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्याकडे) क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीचे द्रावण असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन पोहोचतो आहे, नाही आला तर नाही. ही चाचणी टाकीपाशी न करता शेवटच्या घराच्या नळावर करायला सांगावी. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती दिवसांपूर्वीची आहे हेही विचारावे, कारण उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

सहावी पायरी: एचबीएसएजी किंवा अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आले तर

पुष्कळांना हे कावीळ न होताच कळते: रक्तदान शिबिरानंतर, शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत किंवा गरोदरपणात. अशा वेळी घरात जे घडते ते आजारापेक्षा वाईट असते. सुनेचे कपडे वेगळे धुतले जातात, तिच्या हातचे पाणी कोणी पीत नाही. हेपेटायटिस बी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा मूल कडेवर घेतल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, आणि शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो. म्हणून वस्तरा, नेलकटर, टूथब्रश आणि कानातल्यांचे आकडे प्रत्येकाचे वेगळे हवेत. सलूनमध्ये नवे ब्लेड आपल्यासमोर लावून घ्यावे, जत्रेतल्या गोंदणाला हात पुढे करू नये आणि साध्या थकव्यासाठी ‘एक सलाइन लावा’ हा आग्रह सोडावा. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हेपेटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली होती.

आई पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या आधीच दोन गोष्टी रुग्णालयाशी बोलून लिहून घ्याव्यात. बाळाला २४ तासांच्या आत, शक्यतो १२ तासांतच हेपेटायटिस बीच्या लसीचा जन्मडोस द्यायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन). हे इंजेक्शन आयत्या वेळी मिळत नाही, विशेषतः रविवारी. ते आधी मागवून शीतपेटीत ठेवलेले बरे. पुढे ६, १० आणि १४ व्या आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीत याच लसीचे डोस येतात. हेपेटायटिस बीची लस २०११ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे आणि जन्मडोस प्रत्येक बाळासाठी आहे. आईच्या रक्तातील विषाणूंची संख्या २,००,००० पेक्षा जास्त असेल तर गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यापासून तिला विषाणूला रोखणारी टेनोफोविरची गोळी दिली जाते. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाला लगेच गोळ्या लागतात असे नाही. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासतात. तेव्हाही ते पॉझिटिव्ह असेल तर आजार कायमचा समजून विषाणूंची संख्या, एसजीपीटी आणि यकृताचा घट्टपणा पाहून औषधाचा निर्णय होतो. सुरू केलेली गोळी बरे वाटते म्हणून मनाने बंद करणे धोक्याचे आहे, त्याने आजार उसळून यकृत निकामी होऊ शकते. या विषाणूमुळे यकृत आधी खराब न होताही कर्करोग होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल तर ती चुकवू नये. पती-पत्नी, मुले आणि भावंडे यांची तपासणी करून निगेटिव्ह असलेल्यांना तीन डोस द्यावेत.

हेपेटायटिस सीवर लस नाही, पण औषध इतके चांगले आहे की बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अँटी-एचसीव्ही ही चाचणी विषाणू निघून गेल्यावरही जन्मभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून उपचाराची गरज प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या आरएनए चाचणीवर ठरते आणि गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी करून बरे झाल्याचे पाहतात. डायलिसिसवरचे आणि थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घेणारे रुग्ण यांनी ही तपासणी नियमाने करावी. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठीचे केंद्र कुठे आहे हे विचारावे.

सातवी पायरी: केव्हा थांबायचे

ए आणि ईच्या काविळीत भूक परतली की रुग्ण सुधारतो आहे असे समजावे, डोळे नंतर सावकाश पांढरे होतात. बिलिरुबिन आणि आयएनआरची तपासणी डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने आणि शेवटची सर्व आकडे पूर्ववत होईपर्यंत करावी. हेपेटायटिस एमध्ये काही जणांना बरे वाटल्यानंतर काही आठवड्यांनी कावीळ पुन्हा दिसते. ती घाबरवते, पण तीही बरी होते. कित्येकांना या काळात अंगभर खाज सुटते, त्यासाठी औषध आहे, ते मागून घ्यावे. अहवाल पूर्ववत होईपर्यंत दारू अजिबात नको आणि बी किंवा सी असेल तर कधीच नको.

भाच्याचा अहवाल हेपेटायटिस एचा आला. आयएनआर एकदाही १.२ च्या वर गेला नाही. धाकट्या बहिणीला दहाव्या दिवशी लस दिली आणि तिला काही झाले नाही. सोसायटीच्या टाकीला तडा गेला होता आणि ड्रेनेजचा चेंबर तिच्यापासून चार हातांवर होता, हे टाकी रिकामी केल्यावर दिसले. तोवर दुसऱ्या मजल्यावरची दोन मुले आडवी झाली होती.